काळ्या कोटातला बाब्या

कशातून सुटलात तुम्ही, ते मला एकदा नीट सांगा.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. तेव्हापासून पाहते आहे, जुने विद्यार्थी भेटले की तोंडी एकच वाक्य: ‘मॅडम, ग्राहक मंचाची कटकट गेली.’ गेली ना? मग निकालपत्र शेवटपर्यंत वाचलंत का? नाही वाचलंत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चार ओळी वाचल्यात आणि पुढे ढकलल्यात. एलएल.बी.ला प्रोफेशनल एथिक्सचा पेपर होता, तोही गाइड चाळून दिला होतात. ‘स्कोअरिंग पेपर’ म्हणायचात त्याला. त्या विषयात गुण मिळवलेत, पण तो विषय काही अंगी लागलेला दिसत नाही. तेव्हा बसा आणि ऐका.

त्या खटल्यातलं मूळ भांडण कशाचं होतं? चेक वटला नाही म्हणून एका माणसानं वकील लावला. समोरच्या पक्षानं पैसे वकिलाच्या हाती दिले. वकिलानं ते वेळेवर आपल्याला दिले नाहीत, उलट रोखीत फी मागितली, अशी अशिलाची तक्रार होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००७ मध्ये सांगितलं की वकीलही या कायद्याखाली येतो. सर्वोच्च न्यायालयानं सतरा वर्षांनी ते फिरवलं. वकिली हा वेगळ्या जातीचा पेशा आहे, वकील अशिलाच्या नियंत्रणाखाली काम करतो, हा वैयक्तिक सेवेचा करार आहे, ही त्यामागची कारणं. तुम्हाला त्यातलं ‘वेगळ्या जातीचा पेशा’ एवढंच ऐकू आलं. वेगळा आहे म्हणून त्याचे नियम कडक आहेत, हे ऐकायला तुमचे कान जागेवर नव्हते.

आता अशिलाच्या बाजूनं विचार करा. ग्राहक आयोगाचा रस्ता बंद झाल्यावर त्याच्याकडे उरलं काय? नुकसानभरपाईचा दिवाणी दावा, फसवणूक असेल तर फौजदारी तक्रार, आणि वर्तनाचा जाब विचारायला बार कौन्सिल. दिवाणी दावा लावायला त्याला पुन्हा वकीलच लागणार. तालुक्याच्या कोर्टात शेजारच्या टेबलावरच्या वकिलाविरुद्ध वकीलपत्र घ्यायला तुमच्यातले किती जण तयार होतात, ते तुम्हीच सांगा. म्हणजे सामान्य माणसासाठी खरं ठिकाण एकच उरलं, बार कौन्सिल. आणि तिथे न्याय करायला बसलंय कोण? तुम्हीच.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१, कलम ३५. पाठ म्हणून दाखवते, कारण तुमच्याकडे ती प्रत धूळ खात असणार. तक्रार आली, किंवा तक्रार नसतानाही एखाद्या वकिलानं गैरवर्तन केलंय असं मानायला कारण दिसलं, तर राज्याच्या कौन्सिलनं ते प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपवायचं. समिती तिघांची. दोघे कौन्सिलच्या सदस्यांमधून निवडलेले, तिसरा कौन्सिलबाहेरचा, किमान दहा वर्षं वकिली केलेला. साक्षीदार बोलवायचे, कागदपत्रं मागवायची, शपथेवर जबाब घ्यायचे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. वकिलाचं म्हणणं ऐकून तिनं तक्रार फेटाळावी, ताकीद द्यावी, ठराविक काळासाठी सनद निलंबित करावी किंवा नाव कायमचं काढून टाकावं. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. तक्रार एका वर्षात निकाली निघाली पाहिजे, नाहीतर ती दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, वर्ग होते, हे कलम ३६-ब मध्ये लिहिलेलं आहे. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की तक्रारी एका वर्षात संपवा. कायद्यात छापलेल्या मुदतीची वकिलांना आठवण करून द्यावी लागते! आणि हेच वकील मुदतीच्या एका दिवसावरून समोरच्याचं अपील फेटाळायला लावतात.

ही सत्ता तुम्हाला आभाळातून पडून मिळालेली नाही. इंग्रजांच्या काळात सनद काढून घ्यायचा अधिकार हायकोर्टाचा होता. १९२६ च्या कायद्यानं बार कौन्सिली आल्या, पण त्यांच्या समितीनं चौकशी करून अहवाल द्यायचा आणि शिक्षा हायकोर्टानं करायची. त्याही आधी, रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली म्हणून १९१९ मध्ये अहमदाबादच्या वकिलांबद्दल तिथल्या जिल्हा न्यायाधीशानं मुंबई हायकोर्टाला पत्र लिहिलं होतं. सरकारच्या विरुद्ध उभं राहिल्याबद्दल पोटावर पाय येऊ शकतो, हे त्या पिढीनं पाहिलं होतं. म्हणून स्वतंत्र भारतात वकिलांचा न्याय वकिलांनी करायचा असं ठरलं. १९९८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तर सांगितलं की अवमानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाही वकिलाची सनद परस्पर निलंबित करता येत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा. देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं ज्या दारात पाऊल मागे घेतलं, त्या दाराची राखण तुमच्याकडे आहे. ती कशी केलीत?

तुमच्याच घरातल्या नोंदी काढते.

उत्तर प्रदेशातला एक म्हातारा, निरक्षर माणूस. जमीन संपादनात गेली, मोबदल्याचे ८,११८ रुपये कोर्टात जमा झाले. वकिलानं ते १९८७ मध्ये उचलले आणि खिशात घातले. तक्रार झाल्यावर अशिलाच्या नावानं तडजोडीचं खोटं प्रतिज्ञापत्र हजर केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं काय शिक्षा दिली? तीन वर्षं निलंबन. तीन वर्षांनी या गृहस्थानं पुन्हा काळा कोट चढवायचा आणि दुसऱ्या म्हाताऱ्याचा मोबदला उचलायचा! वकील अपिलात गेला आणि सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये त्याचं नावच काढून टाकलं.

राजस्थानातला एक वकील. अशिलाला पत्र लिहितो की न्यायाधीश पैसे घेतात, दहा हजार पाठवून द्या. पत्र! लेखी! राज्याच्या कौन्सिलनं दोन वर्षं निलंबित केलं. दिल्लीच्या समितीनं ते वाढवून कायमची बंदी घातली. इथवर ठीक. मग पुनर्विलोकनाचा अर्ज आला आणि त्याच संस्थेनं बंदी उठवून नुसत्या ताकिदीवर, म्हणजे ‘पुन्हा असं करू नका’ एवढ्यावर, प्रकरण मिटवलं. का? तर वकीलसाहेबांचं वय ऐंशीच्या घरात आणि वकिली पन्नास वर्षांची. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये ती सवलत रद्द केली आणि कायमची बंदी पुन्हा लागू केली. पन्नास वर्षं कोर्टात घालवलेल्या माणसाला न्यायाधीशाच्या नावानं पैसे मागणं गैर आहे हे कळत नसेल, तर त्या पन्नास वर्षांना सवलत कसली द्यायची?

मद्रासकडचं एक प्रकरण. सत्तरीतला बहिरा माणूस आणि त्याची बायको. वचनचिठ्ठ्यांवरचे पैसे वसूल करायचे म्हणून वकिलाकडे आले. वकिलानं दावे लावलेच नाहीत. लावले म्हणून सांगितलं आणि खोट्या तारखा देत राहिला. राज्याच्या कौन्सिलनं सहा वर्षं निलंबन दिलं, दिल्लीनं ते एका वर्षावर आणलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या वर्षाचा उपयोग तरी करून घेतला. निलंबन कमी करून तांबरमला वर्षभर गरिबांना मोफत कायदेशीर मदत कर, असा आदेश दिला.

तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट दिसली का? तुमच्याच लोकांपुढे प्रकरण आलं की शिक्षेची धार कमी होते. कोर्टात समोरच्या साक्षीदाराच्या एका विसंगतीवर तुटून पडता, आणि आपल्या पेशातल्या माणसानं म्हाताऱ्याचे पैसे खाल्ले की ‘जाऊ दे, बिचारा, संसार आहे’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हा न्याय घरी चालत असेल. कलम ३५ मध्ये बसत नाही.

आता तुमच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतोय. हे सगळे लांबचे, मोठे गुन्हे, आम्ही कुठे कोणाचा मोबदला खाल्लाय? बरं. मग पुण्याच्या कोर्टात या.

फौजदारी खटला. फिर्यादी पक्षाचा साक्षीदार उलटतपासासाठी हजर. आरोपीच्या वकिलांकडून मुदतीचा अर्ज. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज. एकदा तर घसा बसलाय, खोकला थांबत नाही, बोलता येत नाही, असं कारण. साक्षीदार काही बावळट नव्हता. त्यानं पाहिलं की तेच वकीलसाहेब त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात खणखणीत आवाजात युक्तिवाद करताहेत. त्यानं बार कौन्सिलकडे तक्रार केली. कौन्सिलनं काय केलं? प्रथमदर्शनी काही नाही म्हणून प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवलंच नाही. दिल्लीनंही तेच उचलून धरलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये सांगावं लागलं की साक्षीदार कोर्टात हजर असताना, दुसरी सोय न करता, स्वतःच्या सोयीसाठी उलटतपास पुढे ढकलत राहणं हे गैरवर्तन आहे, समितीकडे पाठवा.

आता सांगा, मुदतीचा अर्ज तुमच्यापैकी कोणी लिहिलेला नाही? ‘वकीलसाहेब हायकोर्टात आहेत’ असं कोर्टाला सांगायला ज्युनिअरला उभं केलंत आणि स्वतः खाली चहा पीत बसलात, असं कधीच झालं नाही? साक्षीदार खेड्यातून एसटीनं आला, दिवसाची मजुरी बुडवून आला, संध्याकाळी रोजनाम्यात ‘मुदत मंजूर’ एवढे दोन शब्द घेऊन परत गेला. त्याला तुम्ही ‘स्ट्रॅटेजी’ म्हणता. मी खोटं बोलणं म्हणते.

फाइलचं घ्या. अशील म्हणतो, माझी फाइल द्या, मला वकील बदलायचाय. तुम्ही म्हणता, आधी बाकी फी ठेव. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं नेमकं हेच केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये निकाल दिला की फीसाठी अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवण्याचा वकिलाला हक्क नाही आणि मागितल्यावर ती न देणं हे गैरवर्तन आहे. फी राहिली असेल तर वसुलीचा दावा लावा, दावे लावणं हाच तुमचा धंदा आहे. तेव्हापासून आजतागायत किती जणांनी फाइली अडवल्या? आणि नव्या वकिलाला ‘ना हरकत’ द्यायला किती जणांनी आठवडे घेतले? जुन्या वकिलानं संमती दिली नाही तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घेता येते, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. पण नवा वकील तसा अर्ज करत नाही. उद्या आपल्यावरही हीच वेळ येईल म्हणून एकमेकांचा मान राखता. त्या मानापानात अशिलाची तारीख निघून जाते, त्याचं काय?

पैशांचं घ्या. अशिलाकडून आलेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी, हे वहीत वेगळं लिहायचं. त्याच्या वतीनं कुणाकडून पैसे मिळाले तर त्याला लवकरात लवकर कळवायचं. मागितला तर हिशेब द्यायचा. निकालात मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवायची नाही. हे सगळं नियमांत आहे आणि यातलं काहीही अवघड नाही, किराणा दुकानदारही उधारीची वही ठेवतो. तुमच्याकडे मात्र कोर्ट फी, टायपिंग, नक्कल आणि ‘वरचा खर्च’ एकाच खिशात जातो. तो वरचा खर्च कुणाला दिला, याची पावती मागायची अशिलाची हिंमत होत नाही. मोटार अपघाताच्या नाहीतर वाढीव मोबदल्याच्या दाव्यात टक्केवारीवर काम घेणारे तुमच्यात नाहीत, असं मला शपथेवर सांगाल का? शपथेवर म्हटलं की गप्प बसलात.

‘मॅडम, सिनिअर असंच करायला सांगतात.’ हे उत्तर येणार हे मला ठाऊक होतं. सनदेवर नाव कुणाचं आहे? सिनिअरचं की तुमचं? वकीलपत्रावर सही कुणाची? कलम ३५ मध्ये ‘वरिष्ठांच्या सांगण्यावरून’ असा बचाव शोधून दाखवा. सिनिअरकडून ड्राफ्टिंग शिका, उलटतपास शिका, कोर्टापुढे कसं उभं राहायचं ते शिका. खोटं कारण सांगायला त्यांच्याकडे जाण्याची गरज नाही. ते तुम्हाला शाळेतच येत होतं.

आणि उलट्या बाजूनंही ऐकून ठेवा, कारण तुमच्यातले काही जण आता कुणाविरुद्ध तरी तक्रार टाकायच्या विचारात दिसताहेत. शिस्तपालन म्हणजे हरलेल्या खटल्याचा सूड घ्यायची जागा नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिललाच पन्नास हजारांचा खर्च सोसायला लावला, कारण समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्ध, ज्याच्याशी तक्रारदाराचा अशील म्हणून काही संबंध नव्हता, आलेली निराधार तक्रार नीट कारणं न देता समितीकडे ढकलली होती. पुण्याच्या प्रकरणात पाठवायला हवं होतं ते पाठवलं नाही, इथे पाठवायला नको होतं ते पाठवलं. दोन्हीकडे दोष एकच. समोरचा कागद वाचायचे कष्ट घेतले नाहीत. ऐकायला नको म्हणून बाब्याला सोडायचं आणि वाचायला नको म्हणून निर्दोषाला अडकवायचं, याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत.

याच कौन्सिलनं एकेकाळी काय केलं होतं, तेही सांगते. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील दबा धरून उभे राहायचे. पक्षकार दिसला की त्याच्यावर झडप घालायचे, ब्रीफ ओढायचे, फी पाडून बोलायचे, प्रसंगी आपसात मारामारी करायचे. महाराष्ट्राच्या कौन्सिलनं त्यांना तीन वर्षं निलंबित केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं अशा ओढाओढीविरुद्धच्या नियमाचे तीन तुकडे पाडून, तिन्ही सिद्ध झाले नाहीत म्हणून त्यांना सोडलं. महाराष्ट्राची कौन्सिल गप्प बसली नाही. ती स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. कौन्सिलला अपील करायचा अधिकारच नाही, असा वाद निघाला, तेव्हा सात न्यायाधीशांनी सांगितलं की आहे, कारण पेशाचं वर्तन शुद्ध राखणं हे तिचं काम आहे. आणि १९७५ मध्ये ठरलं की असली ओढाओढ म्हणजे गैरवर्तनच. स्वतःच्या माणसांना शिक्षा व्हावी म्हणून दिल्लीपर्यंत लढलेली कौन्सिल महाराष्ट्राचीच होती. तुम्ही तिचे वारस आहात, याची थोडी तरी चाड ठेवा.

मग तेव्हा जमलं ते पुढे का जमत नाही? गुपित काही नाही, रचनेतच आहे. राज्य बार कौन्सिलचे सदस्य कोण निवडतं? नोंदणीकृत वकील, पसंतीक्रमाच्या मतदानानं, पाच वर्षांसाठी. महाराष्ट्र आणि गोव्यात असे पंचवीस. त्यांच्यातूनच शिस्तपालन समितीवर माणसं जातात. म्हणजे ज्याचा न्याय करायचा त्याच्याकडेच पुढच्या निवडणुकीत मत मागायचं. कुठलाही माणूस मवाळ होईल. ही अडचण मला समजते, पण सबब म्हणून चालणार नाही. कारण इथे दोष उमेदवाराचा आहे त्यापेक्षा मतदाराचा जास्त आहे, आणि मतदार तुम्ही आहात. निवडणुकीच्या वेळी तुम्ही काय विचारता? बार रूमला एसी मिळेल का, ग्रंथालयाला पुस्तकं येतील का, कल्याण निधीतून किती मदत मिळेल, मेळाव्याला जेवण काय आहे. कुणाला तरी विचारलंत का, शिस्तपालन समितीवर असताना आपण किती तक्रारी ऐकल्यात?

सरकारनं किंवा कोर्टानं हा अधिकार काढून घ्यायचं मनात आणलं, तर तुम्ही रस्त्यावर याल, लाल फिती लावाल, कामकाजावर बहिष्कार टाकाल. संप करायचा वकिलांना अधिकार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगून झालंय, तरी टाकाल. पण जो अधिकार तुम्ही वापरतच नाही, तो वाचवायला लोकांनी तुमच्या बाजूनं का उभं राहावं? ज्या माणसाची फाइल तुमच्या कपाटात अडकली आहे, तो तर टाळ्या वाजवेल.

पुरे झालं बोलणं. आता कामं लिहून घ्या. उद्या ऑफिसात गेल्यावर अशिलांच्या पैशांची वेगळी वही सुरू करायची. ज्यांच्या फाइली फीसाठी अडवल्या आहेत, त्यांना फोन करून त्या परत द्यायच्या. ‘ना हरकत’ मागणाऱ्याला त्याच दिवशी सही द्यायची. मुदतीच्या अर्जात खरं कारण लिहायचं, आणि खरं कारण लिहायची लाज वाटत असेल तर अर्ज करायचा नाही. कौन्सिलच्या पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार हात जोडून तुमच्या टेबलाशी येईल, त्याला चहा पाजायच्या आधी विचारायचं: तुमच्या समितीपुढे किती तक्रारी आल्या, त्यातल्या किती वर्षाच्या आत निकाली काढल्यात आणि किती जणांना नुसती ताकीद देऊन सोडलंत? आकडे सांगता आले नाहीत तर मत द्यायचं नाही. तो तुमच्या गावचा असला तरी नाही, तुमचा बॅचमेट असला तरी नाही, आणि माझा विद्यार्थी असला तर मुळीच नाही.